गंगापूर रोडवरच्या बंगल्याचा हॉल: व्हिनियर पॅनेलिंगच्या मॉडेलच्या नोंदी

काम: नाशिक, गंगापूर रोड. हॉलच्या दोन भिंतींना सागवान व्हिनियरचं (प्लायवर दाबलेल्या पातळ लाकडी थराचं) पॅनेलिंग. भिंत 'अ' पश्चिमेची, टीव्हीची. भिंत 'ब' उत्तरेची, तिच्यात दार. सॉफ्टवेअर रेव्हिट २०२४ (इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करण्याचं). सगळी मापे मिलिमीटरमध्ये. साल २०२५.

१६ जून. साइटवरची मापे

आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवर भिंत 'अ' ५,४८० आहे. गिलावा आणि टाइल झाल्यावर लेसरने तीन उंचींवर मोजली: स्कर्टिंगच्या उंचीला ५,४६३, मध्ये ५,४६८, सीलिंगखाली ५,४७५. म्हणजे वर-खाली १२ चा फरक. ओळंबा लावून पाहिलं तर उत्तरेची भिंत सरळ आहे, दक्षिणेची खिडकीची भिंत वरच्या बाजूला बाहेर कलली आहे. हे आत्ताच कळलेलं बरं, कारण घासून बसवायचं पॅनेल कोणत्या टोकाला ठेवायचं ते यावरूनच ठरतं.

दोरी धरली तर भिंत 'अ' मधोमध ७ ने आत आहे. तेवढं पॅकिंग पट्टीच्या मागे जाईल, मॉडेलमध्ये दाखवायचं नाही. मॉडेलची भिंत सर्वात पुढे आलेल्या बिंदूंवरून सरळ धरली.

भिंत 'ब' ३,९६०. दार चौकटीसह १,००० × २,१००. फॉल्स सीलिंगची खालची पातळी २,७००.

मॉडेलमधली भिंत ५,४८० वरून ५,४६३ केली. तीन मापांतलं सगळ्यात लहान माप मॉडेलमध्ये धरायचं, उरलेला फरक घासून बसवायच्या टोकाकडे सोडायचा. सरासरी धरली की पॅनेल खाली अडकतं आणि वर फट दिसते.

१८ जून. थर, आणि पॅनेलिंग मॉडेलमध्ये कुठे ठेवायचं

भिंतीपासून पुढे: २५ जाडीची पट्टी, १२ मिमी बीडब्ल्यूपी प्लाय (उकळत्या पाण्यातही टिकणारा, भारतीय मानक आयएस ७१०), त्याच्या पाठीला ०.८ चा लायनर (समतोलासाठीचा पातळ थर), दर्शनी बाजूला ४ मिमी व्हिनियर. लायनर वगळून चालणार नाही. एकाच बाजूला व्हिनियर दाबलं की प्लाय वाकतो, आणि पावसाळ्यात दाबलेलं असेल तर हिवाळ्यात उलट्या बाजूला ओढतो. मॉडेलमध्ये प्लाय आणि लायनर मिळून १३ चा एकच थर धरला. रेव्हिटमध्ये साधारण ०.८ पेक्षा आखूड रेष काढताच येत नाही, त्यामुळे इतक्या पातळ थरांचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. एकूण २५ + १३ + ४ = ४२.

पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तोच: मूळ भिंतीच्या टाइपमध्ये (रेव्हिटमधल्या भिंतीच्या प्रकारात) हे थर वाढवून टाकायचे. तसं करू नये. तोच टाइप शेजारच्या खोल्यांतही वापरलेला असतो. नवा टाइप केला तरी भिंतीची जाडी बदलल्याने लोकेशन लाइनप्रमाणे (भिंतीची जागा ठरवणाऱ्या रेषेप्रमाणे) विटांची भिंत सरकते आणि बाहेरची मापे बिघडतात. शिवाय पॅनेलिंग सीलिंगखाली थांबतं, भिंत स्लॅबपर्यंत जाते.

दुसरा मार्ग: ४२ जाडीची वेगळी भिंत आणि तिच्यात रिव्हील (भिंतीत खाच कोरणारं साधन) टाकून खाचा. रेंडरला छान दिसतं. पण ती एकच अखंड भिंत राहते, त्यातून 'पॅनेल क्रमांक ४, रुंदी इतकी, उंची इतकी' असं काही निघत नाही. सुताराला तेच हवं असतं.

म्हणून कर्टन वॉल, म्हणजे आडव्या-उभ्या रेषांच्या जाळीत (ग्रिडमध्ये) सुटी पॅनेलं बसवलेली भिंत. काचेसाठी केलेलं साधन आहे, पण सुटी पॅनेलं, त्यांच्यामधली ठरावीक फट आणि प्रत्येक पॅनेलचं माप या तिन्ही गोष्टी त्यात आयत्या मिळतात. पॅनेलिंग हा भिंतीचा रंग नव्हे. कारखान्यात कापून, साइटवर आणून, एकेक बसवलेला तो भाग आहे, आणि मॉडेलमध्येही तो सुटाच हवा. या कामात हे एवढं पाळलं तर बाकीचं निस्तरता येतं.

२१ जून. उंचीची विभागणी, आणि शीट

स्कर्टिंग १००, वर ६ ची खाच, म्हणून पॅनेल १०६ वर सुरू. सीलिंगखाली १० मोकळे, म्हणून २,६९० ला संपतं. मधलं अंतर २,५८४. शीट आठ बाय चार, म्हणजे २,४४० × १,२२०. एका शीटमध्ये उंची पुरत नाही, तेव्हा आडवी खाच आलीच. खालची रांग ८००, खाच ६, वरची रांग १,७७८.

शीटचा हिशेब असा. दोन्ही कडा ५-५ ने साफ करायच्या, पात्याची वाट (कापताना जाणारी जागा) ४. रुंदीत दोन पट्ट्या काढल्या तर प्रत्येकी जास्तीत जास्त (१,२२० − १० − ४) ÷ २ = ६०३. म्हणून पॅनेल ६०३ च्या आत बसवायचं, नाहीतर एका शीटमधून एकच पट्टी निघेल आणि अर्धं शीट वाया. लांबीत दोन तुकड्यांना मिळतात २,४२६. लागतात ८०० + १,७७८ = २,५७८. आडवी खाच वर-खाली कुठेही सरकवली तरी १५२ कमीच पडतात. खालच्या पॅनेलची पट्टी वेगळीच काढावी लागणार. ८०० हे माप त्यासाठीच निवडलं, कारण एका पट्टीत तीन बसतात: तीनदा ८०० आणि दोन वाटा मिळून २,४०८.

दहा फुटी शीटचाही हिशेब केला. ८ शीटमध्ये काम होतं, ८ × ४० = ३२० चौरस फूट. आठ फुटी शीट १० लागतात, १० × ३२ = ३२० चौरस फूट. क्षेत्रफळ तेवढंच, पण दहा फुटीत वरच्या आणि खालच्या पॅनेलची लाकडाची रेघ सलग येते. मन तिकडेच ओढत होतं. पण निवडलेली शेड फक्त आठ फुटीत आहे आणि १२ मिमीचा दहा फुटी प्लाय सहज मिळत नाही. आठ फुटी कायम. आडव्या खाचेपाशी रेघ तुटणार, हे मालकांना नमुना दाखवून आधीच सांगायचं.

२५ जून. भिंत 'अ' चा ग्रिड

कोपऱ्यात 'ब' चं पॅनेलिंग आधी बसेल, 'अ' त्याला येऊन टेकेल. म्हणून 'अ' ची उपलब्ध लांबी ५,४६३ − ४२ = ५,४२१. नऊ पॅनेलं प्रत्येकी ५९५, मध्ये आठ खाचा ६ च्या, एकूण ५,४०३. उरले १८, दोन्ही टोकांना ९-९.

कर्टन वॉल ५,४०३ लांबीचीच काढली, टोकांची ९ ची फट तिच्या बाहेर. बेस ऑफसेट (जमिनीपासूनची सुरुवात) १०६, उंची २,५८४. पॅनेल १७ जाडीचं आणि रेषेच्या मधोमध, म्हणून भिंतीची रेष गिलाव्यापासून ३३.५ वर. मलियन (दोन पॅनेलांमधली पट्टी, इथे खाच) आयताकृती, दोन्ही बाजूंना ३-३, मागे दडलेलं, मटेरियल काळं. पॅनेल मलियनच्या कडेपर्यंत आपोआप कापलं जातं. म्हणजे ग्रिड ६०१ चा धरला की पॅनेल ५९५ चं येतं. बॉर्डरला मलियन दिलं नाही.

इथे एक नेहमीची चूक होते. लेआउट 'फिक्स्ड डिस्टन्स' (ठरावीक अंतर) ६०१ आणि जस्टिफिकेशन (ग्रिड कुठून धरायचा ते) 'सेंटर' ठेवलं, तर ५,४०३ मध्ये ६०१ चे आठच पूर्ण भाग बसतात आणि उरलेले ५९५ दोन्ही टोकांना २९७.५ असे वाटले जातात. टोकाच्या भागाला एकाच बाजूला मलियन असल्याने तो ५९८ चा हवा, ६०१ चा नाही, हे सॉफ्टवेअरला माहीत नसतं. उपाय: जस्टिफिकेशन 'बिगिनिंग' आणि ग्रिड ३ ने मागे. मग पहिला भाग ५९८, मधले सात ६०१, शेवटचा ५९८. बेरीज ५,४०३. आडवी ग्रिडरेष ८०३ वर.

'बिगिनिंग' म्हणजे भिंत जिथून काढायला सुरुवात केली ते टोक. रेव्हिटमध्ये घड्याळाच्या दिशेने काढलेल्या भिंतींची बाहेरची बाजू खोलीच्या बाहेर जाते. आपल्याला व्हिनियर खोलीत हवं, म्हणून भिंती उलट्या दिशेने काढाव्या लागतात. त्यामुळे खोलीत उभं राहून भिंतीकडे पाहिलं तर ग्रिड उजवीकडून डावीकडे सुरू होतो. सुतार मात्र डावीकडून मोजतो. भिंत 'अ' चा ग्रिड दोन्हीकडून सारखा असल्याने आज फरक पडला नाही. पुढे असमान भिंत आली की नेमका पडेल.

मलियनचे तुकडे मोजले: आठ उभ्या रेषांचे १६, आडव्याचे ९, एकूण २५. पॅनेलं १८. हे आकडे रोज जुळवायचे.

२६ जून

'ऑटोमॅटिकली एम्बेड' (मूळ भिंत कापून तिच्यात बसणं) बंद. 'रूम बाउंडिंग' (खोलीची हद्द म्हणून धरणं) बंद, कारण टाइल भिंतीपर्यंत झाली आहे आणि खोलीचं क्षेत्रफळ गिलाव्यापासूनच हवं. दोन्ही टोकांना 'डिसअलाउ जॉइन' (शेजारच्या भिंतीशी आपोआप जोड नको).

२ जुलै. दाराची भिंत

कर्टन वॉलमध्ये साधं दार बसत नाही, आणि मूळ भिंतीतल्या दाराने ती कापलीही जात नाही. प्रोफाइल (भिंतीची बाह्यरेषा) एडिट करून दाराएवढी जागा सोडता येते. करून पाहिलं. दाराभोवतीची पॅनेलं इंग्रजी एलच्या आकाराची झाली आणि शेड्युलमधली (मॉडेलमधून निघणाऱ्या यादीतली) त्यांची रुंदी-उंची निरुपयोगी. ती भिंत काढून टाकली आणि तीन वेगळे तुकडे केले: दाराच्या डावीकडे, उजवीकडे, वर.

'अ' चं पॅनेलिंग समोर येत असल्याने 'ब' ची दिसणारी लांबी ३,९१८. चौकटीभोवतीची ६० ची पट्टी धरून दार १,१२० × २,१६०. डावीकडे उरतात १,१९६, त्यात ५८९ ची दोन. उजवीकडे १,६०२, त्यात ५२६ ची तीन. दोन्हीकडे टोकाच्या खाचाही ६ च्या. दारावर २,१६६ ते २,६९०, म्हणजे ५२४ उंचीची, ५५७ ची दोन.

५९५ आणि ५२६ एकाच खोलीत चालतील का, यावर बराच विचार झाला. दुसरा पर्याय ५९५ ची दोन आणि शेवटी एक अरुंद पट्टी असा होता. अरुंद पट्टी नेहमी 'माप चुकलं' अशीच दिसते. समान तीन बरी.

दाराची चौकट मूळ भिंतीच्या जाडीची आहे, पॅनेलिंग ४२ ने पुढे येतं. चौकटीला तिन्ही बाजूंनी ४२ ची जोडपट्टी लागेल. ती दाराच्या फॅमिलीत (रेव्हिटमधल्या तयार घटकात) आपोआप येत नाही, वेगळी काढून शेड्युलमध्ये घेतली. ही पट्टी विसरली गेली की साइटवर चौकटीजवळ प्लायची कड उघडी दिसते आणि मग घाईने काहीतरी चिकटवलं जातं.

५ जुलै. पट्ट्यांचा थर आणि स्कर्टिंग

वॉल स्वीप (भिंतीवर सलग धावणारी पट्टी) कर्टन वॉलवर बसत नाही. म्हणून मागचा २५ चा पट्ट्यांचा थर साधी भिंत म्हणून काढला, बेस शून्यावर, 'ब' वर दाराशी तोडून. स्कर्टिंगचं १०० × १७ चं प्रोफाइल या भिंतीवर स्वीप म्हणून दिलं. २५ + १७ = ४२, म्हणजे स्कर्टिंग आणि पॅनेल एका पातळीत, मध्ये फक्त खाच. धूळ बसायला कड राहत नाही.

भिंत 'अ' च्या पट्ट्या: प्रत्येक खाचेमागे ५० रुंदीची एक, म्हणजे शेजारच्या दोन्ही पॅनेलांना निम्मी-निम्मी टेकण मिळते. त्या ८, टोकांना २, प्रत्येक पॅनेलच्या मधोमध एक अशा ९. उभ्या १९. आडव्या तीन: खाली, आडव्या खाचेमागे, वर. उभ्या २.६ मीटर धरून ४९.४ आणि आडव्या १६.२, एकूण ६५.६ मीटर, म्हणजे सुमारे २१५ फूट. खाचेमागे येणाऱ्या पट्टीच्या तोंडाला बसवण्याआधी काळा रंग द्यायचा. नंतर ६ च्या खाचेत ब्रश जात नाही.

आडव्या पट्ट्या सलग ठेवल्या तर मागची हवा कोंडते. दर दोन उभ्या पट्ट्यांमध्ये आडवीला ५० ची फट. पश्चिमेच्या भिंतीसाठी हे फार गरजेचं आहे. नाशिकचा पावसाळी झोत नैऋत्य-पश्चिमेकडून येतो आणि बाहेरच्या गिलाव्याला तडा असेल तर ओल पहिल्यांदा याच भिंतीत उतरते. सीलिंगखालचे १० मोकळे ठेवले आहेत ते दिसण्यासाठी आणि हवेसाठीही.

११ जुलै. शेड्युल आणि शीटची संख्या

कर्टन पॅनेल शेड्युल केलं: मार्क, रुंदी, उंची, भिंत. मार्क खोलीतून पाहताना डावीकडून: अ-वर-१ ते ९, अ-खाली-१ ते ९, तसंच 'ब'. एकूण ३० पॅनेलं.

शेड्युलमधला आकडा ०.१ पर्यंत दाखवायला लावला आणि लगेच अ-वर-६ व अ-वर-७ ही दोन ५९८.० आली. त्यांच्यामधला मलियनचा एक तुकडा निघून गेला होता, म्हणून दोन्ही पॅनेलं ३-३ ने रुंदावून एकमेकांना चिकटली होती. एलिव्हेशनमध्ये (भिंतीच्या समोरच्या दृश्यात) फट नसल्याचं लक्षातही आलं नव्हतं. मलियन मोजले, २४ भरले. प्रोजेक्टची मापे १० पर्यंत राउंड केलेली असतील तर ही चूक शेड्युलमध्येही लपून राहते आणि थेट कटिंगला जाते.

खिडकीकडच्या टोकाची दोन पॅनेलं (अ-वर-१, अ-खाली-१) साइटवर घासून बसवायची. त्यासाठी 'जादा' नावाचा प्रोजेक्ट पॅरामीटर, किंमत १५. शेड्युलमध्ये 'कापायची रुंदी' हे गणिताचं कॉलम: रुंदी + जादा. मॉडेलमध्ये पॅनेल ५९५ च दिसतं, कारखान्याला ६१० जातं. १५ च का? ६१० + ४ + ५९५ + १० = १,२१९. शीटमध्ये १ उरतो. २० धरले असते तर जोडीची पट्टी निघाली नसती. भिंतीचा फरक १२ आहे, तो १५ मध्ये बसतो.

आता शीट. पॅनेलांचं निव्वळ क्षेत्रफळ २१.५ चौरस मीटर, सुमारे २३१ चौरस फूट. त्यावर १० टक्के तूट धरून ३२ ने भागलं की ८ शीट येतात. मटेरियल टेकऑफवरून (मॉडेलमधल्या मालाच्या मोजणीवरून) ऑर्डर दिली असती तर आठच आली असती. प्रत्यक्ष कटिंग असं: 'अ' च्या वरच्या ९ पट्ट्या, खालच्या ३. 'ब' च्या वरच्या ५, खालच्या २. एकूण १९ पट्ट्या, म्हणजे १० शीट, अर्धं शीट शिल्लक. दारावरची दोन पॅनेलं वेगळ्या शीटमधून नाहीतच. वरच्या पॅनेलांच्या पट्टीत ६४८ चा तुकडा उरतो, त्यातून ५२४ निघतं आणि रेघही उभीच राहते.

दोन शीटचा फरक पैशापुरता नाही. व्हिनियर एका ओंडक्यातून क्रमाने कापलेलं असतं. नंतर मागवलेली दोन शीट दुसऱ्या लॉटची येतात. रेघ वेगळी, रंग वेगळा, पॉलिशमध्ये तर फरक आणखी उठतो. दहाही शीट एकाच लॉटची, पाठीवर क्रमांक घालून मागवली.

१४ जुलै

रेंडरमध्ये सगळ्या पॅनेलांवर लाकडाची रेघ आडवी आली होती. मटेरियलमध्ये टेक्स्चर ९० अंशांत फिरवलं. सर्व पॅनेलांवर तोच तोच नमुना दिसतो, तो तसाच ठेवला. खऱ्या शीटचा क्रम रेंडरमधून ठरवू नये, ते काम वर्कशॉपच्या जमिनीवर शीट मांडून करायचं.

१७ जुलै. बोर्ड, टीव्ही

टीव्हीच्या सॉकेटचा मध्य जमिनीपासून ९५०. प्लेट सुमारे ९० उंच, म्हणजे खालची कड ९०५. आडवी खाच ९०६ ते ९१२. प्लेट बरोबर खाचेवर बसणार होती. मध्य १,००० वर नेला, भिंतीतला बॉक्स इलेक्ट्रिशियन वर घेईल. बॉक्स ४२ ने पुढेही आणायचे आहेत. नुसते लांब स्क्रू लावून प्लेट ओढून घेतली की पॅनेलच्या आतल्या पोकळीत वायर उघडी राहते. एक्स्टेंशन बॉक्स लावायचे.

बोर्डांच्या फॅमिली पॅनेलच्या पृष्ठभागावर बसवल्या होत्या. ग्रिड जरा हलवला की होस्ट (ज्यावर बोर्ड बसलेला आहे तो पृष्ठभाग) सुटतो. म्हणून गिलाव्यापासून ४२ वर नाव दिलेला रेफरन्स प्लेन (आधाराची काल्पनिक पातळी) काढला आणि सगळे बोर्ड त्यावर घेतले. आता पॅनेल बदललं तरी ते जागच्या जागी राहतात. नियम: बोर्डाची कड खाचेपासून किमान ४० लांब, किंवा बोर्ड पॅनेलच्या बरोबर मध्यावर. मध्यावर येणाऱ्या बोर्डामागची पट्टी तिथे तोडून बाजूने आडवी घ्यायची, हे पट्ट्यांच्या ड्रॉइंगवर लिहिलं.

२३ जुलै. कटिंगला देताना

सातपूरच्या वर्कशॉपला शेड्युल, प्रत्येक शीटचं कटिंग चित्र आणि दोन्ही एलिव्हेशन दिली. प्रत्येक पॅनेलच्या चित्रावर वरच्या कडेला बाण. वर-खाली उलटलं तर रेघेचा उतार उलटतो, आणि शेजारची दोन पॅनेलं वेगळ्या झाडांची वाटतात.

हवेत दमटपणा फार आहे. प्रेस केलेली शीट किमान आठवडाभर सपाट, वजनाखाली ठेवायची, मग कापायची. पॅनेलं हॉलमध्ये आणल्यावरही दोन दिवस उघडी उभी करून ठेवायची. भिंत 'अ' खालच्या दीड फुटात मॉइश्चर मीटरवर अजून ओली दाखवते. बाहेरच्या बाजूचा तडा बुजवून, भिंत वाळल्याशिवाय तिथे पट्टी मारायची नाही. 'ब' आधी घ्यायची.

६ ऑगस्ट. 'ब' बसल्यावर परत मोजमाप

'ब' ची पॅनेलं बसली. दर्शनी पातळी ४२ ऐवजी ४४ भरली, कारण पट्टी आणि भिंतीमध्ये दोन ठिकाणी पॅकिंग लागलं. म्हणजे 'अ' ची उपलब्ध लांबी ५,४२१ ऐवजी ५,४१९. मॉडेलमध्ये भिंत हलवली नाही. 'ब' कडची टोकाची फट ९ ऐवजी ७ केली. १८ पॅनेलांपैकी एकाचंही माप बदललं नाही, कापलेला माल तसाच लागू. खिडकीकडची दोन पॅनेलं अजून ६१० चीच, त्यांना भिंतीशी धरून रेघ मारल्यावरच रंधा लावायचा.

भिंत 'अ' चा मीटर पुन्हा १३ ऑगस्टला लावायचा.